पोलो टीएसआय घेतलीये आणि हात शिवशिवतायत? मग आधी हे वाचा

माझ्याकडे पोलो १.० टीएसआय आहे, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंड हॅन्ड घेतलेली. घरच्यांच्या मते तिच्यावर आत्तापर्यंत जेवढा पैसा घातलाय तेवढ्यात अर्धा गुंठा आला असता, कुठे आला असता ते मात्र कोणी सांगत नाही. ओळखीतल्या कोणी पोलो घेतली की पहिला फोन मला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "रिमॅप कुठे करू?" (रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून पॉवर वाढवणं.) प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी गाडीबद्दल थोडं. पोलो आपल्या पुणे जिल्ह्यातल्या चाकणची. २०१० ला बाजारात आली आणि २०२२ ला बंद झाली, जाताना ७०० गाड्यांची लेजंड एडिशन काढून गेली. मार्च २०२० मध्ये बीएस ६ सोबत हे १.० टीएसआय इंजिन आलं, ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस पॉवर आणि १७५ एनएम टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद. गंमत म्हणजे जीटी नावाची जी पोलो होती ती या इंजिनात फक्त ऑटोमॅटिक मिळायची, सहा गिअरच्या मॅन्युअलवर जीटीचा बॅज नव्हताच, त्यामुळे रस्त्यावर जीटी लिहिलेली मॅन्युअल १.० दिसली की समजायचं बॅज ऑनलाइन मागवलाय. (माझ्यावर पण आहे. आधीच्या मालकाने लावलेला. काढत नाही, पेंट निघेल म्हणून, असं मी सांगतो.) फियाटची अबार्थ पुंटो सुद्धा आपल्याच जिल्ह्यातली, रांजणगावची, साधारण १४५ पीएस. पण तिचे पार्ट शोधायला आता तपश्चर्या लागते म्हणून इथे पोलोचंच बोलतो. बलेनो आरएस, आय२० एन लाइन वाल्यांनी आकडे बदलून घ्या, बाकी गोष्ट तीच.

आणि मुख्य गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभंय. प्रत्येक मॉडला, म्हणजे गाडीत केलेल्या बदलाला, एक शेपूट असतं. तुम्ही पॉवर वाढवली की प्लग आणि क्लच लवकर जाणार, गाडी खाली बसवली की सस्पेन्शनचे रबरी बुश आणि टायर लवकर जाणार, चाकं मोठी केली की रिम वाकणार. मॉडची किंमत दुकानदार सांगतो, शेपटाची नाही सांगत. त्यामुळे माझा हिशोब असा, मॉडला जेवढे पैसे लागणार त्याच्या निम्मे बाजूला ठेवता येत असतील तरच ते मॉड करायचं, नाहीतर गाडी धुवा, टाकी फुल्ल करा आणि ताम्हिणीला जाऊन या, मजा तेवढीच येते.

गाडी अजून घ्यायचीये त्यांच्यासाठी

सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. मालकाला आधीच सांगायचं की गाडी सुरू करून ठेवू नको, आणि गेल्यावर बोनेटला हात लावून बघायचं, गरम असेल तर कारण विचारायचं. थंड सुरू केल्यावर पहिले काही सेकंद आवाज ऐका, मागे एकाला उभं करून धूर बघा. ओबीडीचा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून फॉल्ट वाचणारा) घेऊन जा, ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस वाला मित्र असेल तर त्याला वडापाव खाऊ घाला आणि सोबत न्या. एकही फॉल्ट दिसत नसेल आणि सगळे रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या तपासण्या करते त्यांची नोंद) रिकामे दिसत असतील तर समजायचं की कालच कोणीतरी कोड पुसलेत.

मालकाला सरळ विचारायचं, "रिमॅप केली होती का?" बरेच जण विकण्याआधी स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ, फाइल परत टाकतात आणि नाही म्हणतात. पण क्लच खोटं बोलत नाही, त्याची टेस्ट खाली दिलीये. घ्यायच्या आधीच ती करा.

पहिले तीन महिने फक्त सर्व्हिस, मॉड नाही

हे कोणालाच आवडत नाही, मला पण आवडलं नव्हतं. पण १७५ एनएम वर जी गाडी धड चालत नाही तिला २२० देऊन काय होणार.

ऑइल. कंपनीचा हिशोब १५,००० किमी किंवा एक वर्ष. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये, म्हणजे हिंजवडीला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या गाडीत, इंजिन किलोमीटरपेक्षा तास जास्त मोजतं, अर्धा वेळ तर पहिल्या गिअरमध्येच जातो. मी ७,५०० ला बदलतो, रिमॅपवाल्यांनी तर बदलायलाच पाहिजे. ग्रेड कोणता यावर तासन् तास भांडणं होतात, मी एवढंच सांगेन की डब्यावर पुढे लिहिलेलं ५ डब्ल्यू का शून्य डब्ल्यू याच्यापेक्षा मागे बारीक अक्षरात फोक्सवॅगनचा अप्रूव्हल नंबर असतो तो महत्त्वाचा, मॅन्युअलमधला नंबर आणि डब्यावरचा नंबर एक पाहिजे. डबा तुमच्यासमोर फोडून घ्यायचा. ड्रमातलं सुट्टं ऑइल नको.

महिन्यातून दोनदा डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागी, बंद करून पाच मिनिटांनी. लेव्हल खाली जातेय तर ऑइल खातेय, ते समजू शकतो. पण लेव्हल वर जात असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर लक्ष द्या, रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत हे होतं, इंजिन नीट तापतच नाही आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर पळवायची. बायकोला सांगायला हे कारण एकदम अधिकृत आहे.

कूलंट. गुलाबी-जांभळ्या रंगाचं असतं, त्यात कोपऱ्यावरच्या दुकानातलं हिरवं कूलंट ओतायचं नाही, नळाचं पाणी तर नाहीच. या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप एकाच प्लॅस्टिकच्या हाउसिंगला असतात आणि तिथून हळूहळू गळती लागणं हा या घराण्याचा जुना आजार आहे. टॉर्च घेऊन गिअरबॉक्सच्या बाजूला बघा, गुलाबी पांढरट सुकलेले डाग दिसले तर तेच. बाटलीवर मार्करने आजच्या लेव्हलची रेघ मारून ठेवा, थंड गाडीत, आणि महिन्याने परत बघा. फुकटची टेस्ट आहे.

टायमिंग बेल्ट आहे यात, चेन नाही. सेकंड हॅन्ड गाडीत बेल्ट कधी बघितला याची नोंद नसेल तर कव्हर उघडून तडे बघून घ्यायचे.

मग खालचा भाग. आपले रस्ते आणि पोलोची पुढची लोअर आर्मची (चाक धरणारा खालचा दांडा) बुश यांचं पटत नाही. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना टक टक किंवा कुईं असा आवाज, ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढणं, अशी लक्षणं. लिंक रॉड, बुश, स्ट्रट माउंट, हे तिन्ही एकदाच करून घ्या, प्रत्येक वेळी वेगळं खोललं की मजुरी तिप्पट आणि प्रत्येक वेळी अलाइनमेंट परत. माझा मेकॅनिक, त्याला सगळे मामा म्हणतात (सिग्नलवरचे मामा वेगळे), त्याचं म्हणणं असं की निम्म्या पोरांना सस्पेन्शन किट नकोच असतं, त्यांना नवीन बुश पाहिजे असतात. नवीन बुश टाकून मी जेव्हा पहिल्यांदा कात्रजचा जुना घाट चढलो तेव्हा मला पटलं, गाडी अर्ध्या वयाची झाली होती.

पहिला खरा खर्च, टायर

इंजिनची पॉवर, ब्रेकची ताकद, सस्पेन्शनची हुशारी, सगळं शेवटी तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर येऊन थांबतं. तरी लोक ८ वर्षं जुन्या टायरवर रिमॅप करतात. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसत असली तरी रबर कडक झालं की पावसात काही उपयोग नाही. कायद्याने १.६ मिमी नक्षी चालते, मी पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिमीच्या खाली असेल तर बदलतो, कारण वरंध्यात धुकं आणि पाऊस एकत्र असताना कायदा कामाला येत नाही.

साइज. वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६ येतो. पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिम इंचात. पूर्ण व्यास काढायचा तर १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७, ते दोन्ही बाजूंनी म्हणून दुप्पट, आणि १६ इंच म्हणजे ४०६ मिमी. बेरीज साधारण ६२१. आता २०५/५५ आर १६ काढून बघा, ६३२ येतो, म्हणजे पावणेदोन टक्के मोठा. मीटर तेवढा कमी दाखवणार आणि गिअरिंग तेवढं लांब होणार, पिकअप किंचित सुस्त. २१५/४५ आर १७ चा व्यास ६२५ येतो, कागदावर छान बसतो, पण बाजूची भिंत १०७ वरून ९७ वर येते. एक सेंटिमीटर कमी. हा एक सेंटिमीटर म्हणजे खड्डा आणि तुमचा रिम यांच्यामधलं रबर. मी १७ इंच एक पावसाळा वापरले, दोन रिम वाकले, लेथवाल्याकडे सरळ करून घेतले, विकून टाकले आणि परत १६ वर आलो.

आता अलॉय बदलणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. पोलोचं पीसीडी ५ बाय १००, म्हणजे ५ बोल्ट १०० मिमीच्या गोलावर, मधल्या भोकाचं माप ५७.१ मिमी. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक मोठं असतं, म्हणून हब रिंग लागते, प्लॅस्टिकची छोटी रिंग, काही रुपयांची, आणि ती नसेल तर चाक हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) नीट मध्यभागी बसत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोल्ट. फोक्सवॅगनच्या कंपनी चाकाला बोल्टचं तोंड गोल असतं, अर्ध्या चेंडूसारखं. बाहेरच्या बऱ्याच अलॉयमध्ये बसायची जागा शंकूसारखी असते. गोल बोल्ट शंकूच्या खड्ड्यात घट्ट झाल्यासारखा वाटतो पण टेकतो फक्त एका बारीक रेघेवर.

हे मला कसं कळलं ते ऐका. अलॉय घेतले एका चांगल्या मोठ्या दुकानातून, पोरांनी माझेच जुने बोल्ट एअर गनने धाडधाड लावले, मी खुशीत फोटो काढत होतो. रविवारी सातारला निघालो, ८०-९० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं, मला वाटलं बॅलन्सिंग राहिलं असेल. खेड शिवापूरच्या टोलपाशी आवाज यायला लागला म्हणून बाजूला घेतली आणि पाना लावला तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट हाताने फिरत होते. हाताने! तिथेच बसलो दहा मिनिटं गप्प. पाना होता म्हणून आवळले, ४० च्या स्पीडने परत आलो, दुसऱ्या दिवशी बरोबर तोंडाचे बोल्ट आणि हब रिंग घातल्या, थरथर संपली. दुकानदार म्हणाला "असं कधी होत नाही साहेब."

तर, कोणतंही चाक लावलं की टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) १२० एनएम, आणि ५० ते १०० किमी झाल्यावर परत एकदा चेक. टॉर्क रेंच दोन-तीन हजारात येतो आणि तो तुमच्या डिक्कीतला सगळ्यात स्वस्त मॉड आहे. एअर गनने शेवटचं आवळायला देऊ नका, पोरगा कितीही अनुभवी असू दे. आणि स्टेपनीसाठी जुने गोल बोल्ट डिक्कीत ठेवा, स्टेपनी स्टीलची, तिला तेच लागतात, हे लोक विसरतात आणि मग रात्री घाटात आठवतं.

हवा किती? पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, तेवढी. पंपावरच्या मीटरवर विश्वास नाही म्हणून स्वतःचा गेज ठेवा.

ब्रेक

मागे ड्रम आहेत, जीटीला पण ड्रमच होते, त्यावरून रडू नका, बहुतेक काम पुढचे डिस्क करतात. मागे डिस्क लावायचा खर्च आहे त्यात पुढचे चांगले पॅड तीन वेळा येतील.

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी पितं. डॉट ४ नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी प्यायल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळीने उतरताना पोटात गोळा आणणारा जो क्षण असतो, पेडल एकदम स्पंजासारखं खाली जातं, तो बहुतेक वेळा या पाण्याचाच. दर दोन वर्षांनी बदला. डॉट ५.१ टाकलं तरी चालतं, २६० आणि १८०, पण डॉट ५ वेगळं असतं, सिलिकॉनचं, ते नाही टाकायचं. नावात फक्त एका पॉइंटचा फरक आहे, दुकानदार पण गोंधळतात.

नवीन पॅड टाकले की बसवून घ्यावे लागतात. मोकळा रस्ता बघून ६० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग परत स्पीड घ्यायचा, असं आठ-दहा वेळा, आणि नंतर पाच मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड होऊ द्यायचं. गरम असताना सिग्नलला पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि मग लोक म्हणतात डिस्क वाकली.

शेपूट, कडक कंपाउंडचे पॅड डिस्क लवकर खातात, अलॉयवर काळी धूळ येते आणि सकाळी पहिल्या दोन ब्रेकला चिरकतात. सोसायटीतले लोक बघतात.

खाली बसवणं

कंपनीची गाडी जमिनीपासून १६५ मिमीच्या आसपास असते. ३५ मिमीचे लोअरिंग स्प्रिंग टाकले की राहिले १३०. आता चार माणसं आणि डिक्कीत गणपतीला गावी न्यायचं सामान टाका, आणि आपल्या गल्लीतला तो स्पीडब्रेकर आठवा जो कोणीतरी रात्रीत स्वतःच सिमेंट कालवून केलाय. ऑइलचं चेंबर खाली असतं एवढंच सांगतो.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी २० ते २५ मिमीच्या पुढे जाऊ नका, आणि जुन्या शॉकअपवर नवीन कडक स्प्रिंग टाकू नका. शॉकअप ४०-५० हजार चाललेले असतील तर ते स्प्रिंगला आवरू शकत नाहीत, गाडी बोटीसारखी उड्या मारते आणि सहा महिन्यांत गळतात. दोन्ही एकत्र किंवा एकही नाही. आणि नंतर अलाइनमेंट, ती पण गाडी पाच-सहा दिवस चालून स्प्रिंग बसल्यावर. स्प्रिंग कापून खाली करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता रिमॅप

बघा किती वेळाने आलो. कारण वरचं सगळं झालेलं असेल तरच हे.

आधी हिशोब शिका म्हणजे कोणी फसवणार नाही. पीएस म्हणजे एनएम गुणिले आरपीएम भागिले ७०२४. स्टॉक गाडी १७५ एनएम चार हजार आरपीएमला देते, गुणाकार करा, शंभर पीएस येतात. म्हणजे ट्यूनर (रिमॅप करून देणारा) तुम्हाला म्हणाला की २२० एनएम आणि १४० पीएस, तर विचारा कोणत्या आरपीएमला. २२० जर साडेचार हजारपर्यंत टिकत असेल तर १४१ येतात, ठीक आहे. पण ग्राफमध्ये २२० चा डोंगर दोन हजारला आहे आणि साडेचारला १७० वर घसरलाय, तर १४० कुठून आले? डायनोचा (गाडी रोलरवर पळवून पॉवर मोजायचं मशीन) ग्राफ मागा, तो पण तुमच्याच गाडीचा, आधीचा आणि नंतरचा, एकाच दिवशी. दुसऱ्याच्या गाडीचा ग्राफ म्हणजे दुसऱ्याच्या पोराचा निकाल.

रिमॅपच्या आधी क्लच टेस्ट. मोकळा सरळ रस्ता, पाचवा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि पाय पूर्ण खाली. आरपीएमचा काटा आणि स्पीड बरोबर वाढले पाहिजेत. काटा झपकन पुढे गेला आणि गाडी मागाहून आली तर क्लच घसरतोय, रिमॅप विसरा, आधी क्लच. स्टॉक क्लच तसाही फार वरचा टॉर्क सहन करायला बनलेला नाही, रिमॅपनंतर मॅन्युअल पोलोत सगळ्यात आधी तोच हात वर करतो. म्हणून ट्यूनरला एकच विनंती करा, दोन-सव्वादोन हजारच्या खाली टॉर्क एकदम नको, हळूहळू चढू दे. बहुतेक पोरं उलटं मागतात, "खालून किक पाहिजे", आणि वर्षभरात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मजुरी असं मोठं बिल भरतात. चांगला ट्यूनर हे स्वतःहून सांगतो, आणि जो नाही सांगत त्याच्याकडे जाऊ नका.

पेट्रोलचं बघा. साधं पेट्रोल आपल्याकडे ९१ ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त तेवढं पेट्रोल नको तेव्हा पेटत नाही) म्हणून विकायचे, आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो ही चांगली गोष्ट, पण त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी असते म्हणून ॲव्हरेज पडतो, आणि २०२० ते २२ च्या गाड्या काही २० टक्के डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या नव्हत्या. त्यामुळे रबरी पाइप, त्यांचे जोड, टाकीच्या आसपासचा वास यावर नजर ठेवा आणि गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं. रिमॅप जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर करून घेतली तर कायम तेच भरायचं. "गावाला गेलो, मिळालं नाही, साधं टाकलं" असं होणार असेल, आणि कोकणात होतंच, तर ट्यूनरला साध्या पेट्रोलवर सुरक्षित फाइल द्यायला सांगा, पाच पीएस कमी आले तरी चालतील.

फाइल टाकल्यावर लॉग, म्हणजे चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद, घ्या. ओबीडीला ॲप जोडायचं, शेजारी मित्र बसवायचा, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारपासून एक खेच, १०० च्या आत (मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला पण मर्यादा १०० ची आहे, त्यावरचे लॉग डायनोवर घ्या). बघायचं काय तर प्रत्येक सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग किती मागे ओढलं जातंय. थोडंफार इकडेतिकडे चालतं, पण एकच सिलिंडर प्रत्येक खेचीला मागे जात असेल तर तिथे नॉकिंग (मिश्रण नको तेव्हा पेटणं) आहे, पेट्रोल खराब, प्लग खराब किंवा फाइल जास्त अंगावर आलेली. हा लॉग ट्यूनरला पाठवायचा. प्लग ६० हजारला बदलायचे असतात, रिमॅपवर ३० धरा, आणि गॅप ट्यूनरला विचारून थोडी कमी.

आणि एक सवय मोडा. आपल्याकडे ॲव्हरेजच्या नादात लोक ५० ला सहावा गिअर टाकतात आणि मग तिथेच ॲक्सिलरेटर दाबतात. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला याच्यासारखं वाईट काही नाही, कमी आरपीएमला पूर्ण बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि तो धक्का पिस्टन खातो. ओव्हरटेक करायचंय तर दोन गिअर खाली या. टर्बो घेतलीये ती कशाला मग.

टर्बोचा पंखा लाख-दोन लाख आरपीएमने फिरतो आणि त्याला आधार फक्त ऑइलच्या पातळ थराचा. म्हणून सकाळी पहिली पाच-सात किलोमीटर अडीच हजारच्या वर जायचं नाही, आणि घाट चढून वर चहाला थांबलात तर शेवटचे दोन किलोमीटर शांत चालवा. थांबून अर्धा तास इंजिन चालू ठेवायची गरज नाही, ते जुन्या ट्रकवाल्यांचं.

फिल्टर आणि सायलेन्सर

कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, घेऊ नका. आवाज मस्त येतो, कबूल. पण कंपनीचा फिल्टरचा डबा पुढच्या जाळीतून थंड हवा घेतो आणि कोन बोनेटखालची गरम हवा, म्हणजे पैसे देऊन गरम हवा विकत घेतली. त्याच डब्यात बसणारा चांगला फिल्टर टाका आणि आपल्याकडच्या धुळीत दर दहा हजारला बघा.

सायलेन्सर बदलायचा तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर साफ करणारा भाग) हात लावू नका. चेक इंजिनचा दिवा, पीयूसी, धुराचा वास, आणि कायदा तर आहेच.

कायद्याचं सरळ सांगतो, कारण मेकॅनिक सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुराला कलम १९०, पहिल्या वेळी दहा हजारपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद. टायर-अलॉय कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापात ठेवा. आणि इन्शुरन्स कंपनीला न कळवता केलेलं मॉड हे क्लेमच्या दिवशी सर्व्हेअरला बरोबर दिसतं, चार चांगले टायर आणि रिमॅपच्या नादात ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम, गमावलेला माणूस मी बघितलाय. लेखी कळवा, प्रीमियम वाढला तर वाढला.

रोजचं, पावसाळ्याचं, आणि उंदरांचं

एक वही करा. तारीख, रीडिंग, काय केलं, किती पैसे. मोबाइलमध्ये पण चालेल पण वही ग्लोव्ह बॉक्समध्ये राहते आणि गाडी विकताना ती वही दाखवली की समोरचा घासाघीस कमी करतो, हे अनुभवाने सांगतोय.

मे महिन्याच्या शेवटी वायपर, टायर, बॅटरी आणि काचेखालच्या प्लॅस्टिकमधली पानं. तिथे पाणी जायची भोकं असतात, झाडाखाली लावलेल्या गाडीत ती तुंबतात आणि मग पाणी आत येतं, कार्पेट ओलं, कुबट वास, आणि आपण एसीला दोष देतो. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसानंतर खालून गाडी गोड्या पाण्याने धुवा आणि सायलेन्सरच्या जोडांवरचा गंज बघा. पार्ट शोधायचे तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, जुनं सामान कुर्ल्याला सीएसटी रोड, पण सेन्सर आणि ब्रेकचं काही सेकंड हॅन्ड घेऊ नका, डुप्लिकेट डब्यात ओरिजिनलचा स्टिकर ओळखणं आपल्या बापाला जमत नाही.

आणि उंदीर. हसू नका. पाऊस सुरू झाला की ते बोनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरिंग कुरतडतात, ऑक्सिजन सेन्सरची एक बारीक वायर गेली की चेक इंजिन लागतो आणि तुम्ही रिमॅपला शिव्या घालत बसता. गेल्या पावसाळ्यात मी तीन दिवस लॉग काढत होतो, ट्यूनरशी भांडलो, प्लग बदलले, आणि मामाने बोनेट उघडून दोन मिनिटांत कुरतडलेली वायर दाखवली, शेजारी अर्धी पोळी. तंबाखूची पुडी बांधा, डांबराच्या गोळ्या ठेवा, जाळी लावा, स्प्रे मिळतात ते मारा, लोक सगळं करतात, थोडंफार चालतं. माझ्याकडे उपयोग झाला तो पार्किंग कचऱ्याच्या डब्यापासून लांब घेण्याचा आणि गाडीत काही न खाण्याचा, आणि जुलै ते सप्टेंबर दर रविवारी बोनेट उघडून टॉर्च मारण्याचा. तेव्हाच कूलंटची रेघ पण बघून होते.